नवा म्युझिक प्लेअर घेतलाय? आधी कार्डाकडे बघा

‘गाणी दिसत नाहीत’, ‘मध्येच अडकतं’ या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा मेमरी कार्डात असतं. कार्ड प्लेअरमध्येच फॉरमॅट करा (आतलं सगळं पुसलं जातं, आधी कॉपी काढून ठेवा). गाणी भरली की लायब्ररी (प्लेअरमधली गाण्यांची यादी) पुन्हा स्कॅन करायची. हे नवखे हमखास विसरतात. स्कॅन दरवेळी एकाच आकड्यावर थांबत असेल तर एखादी फाइल खराब असणार, ती शोधून उडवा.

बाकी दोनच गोष्टी:

- इअरफोनला गेन (आवाजाचा जोर ठरवणारं सेटिंग) ‘लो’च ठेवा. ‘हाय’वर मागे बारीक सूं ऐकू येतं आणि उगाच प्लेअरवर संशय जातो.
- एमपी३ची फ्लॅक (आवाजातला तपशील न गाळणारी फाइल) करू नका. जागा खाते, एमपी३ करताना गेलेला तपशील काही परत येत नाही. सीडीवरून काढलेली १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची फ्लॅक झकास.

डीएसडी (आणखी एक फाइल-प्रकार), इक्वलायझर वगैरे भानगडी सध्या राहू द्या.