अंतरा आधी, मुखडा मागून

प्रश्न : मी तालुक्याच्या गावातल्या शाळेत संगीत शिकवते. पाचवी ते नववीची चाळीसेक मुलं-मुली समूहगानाला येतात. साथीला एक पेटी, एक ढोलकी. जूनमध्ये शाळा उघडली की गाणी निवडायला उसंत मिळत नाही, म्हणून यंदा मे महिन्यातच यादी करायची आहे. मुख्याध्यापकांना सिनेमातलं नवं गाणं हवंय, तेही कराओके ट्रॅकवर. सुरुवात कुठून करू?
– एक संगीतशिक्षिका, उदगीर

उत्तर : बाई, सुट्टीत बसून यादी करताय हे उत्तम. फक्त ती मोबाइलवर गाणी ऐकत करू नका. ऐकताना आपण मुखड्यावर, म्हणजे सुरुवातीच्या ओळींवर, भाळतो आणि मुलांचे घसे बसतात अंतऱ्यात, म्हणजे पुढच्या कडव्यात. पेटी काढा, अंतरा आधी गाऊन बघा आणि वहीत गाण्याच्या नावापुढे दोनच गोष्टी टिपा : सगळ्यात खालचा स्वर कोणता आणि सगळ्यात वरचा कोणता.

राष्ट्रगीत बघा. 'भाग्यविधाता' म्हणताना चाल मंद्र निषादाला (खालच्या सप्तकातल्या 'नि'ला) टेकते, 'जय हे' म्हणताना तार षड्जाला (वरच्या 'सा'ला) पोचते. बस, एवढाच तिचा पल्ला. म्हणून हजार माणसं ते एका आवाजात म्हणू शकतात. तरीही पुष्कळ शाळांत 'जय हे'ला किंचाळी उठते, कारण कुणीतरी 'जनगण' मनाला येईल त्या पट्टीत, म्हणजे वाटेल तो स्वर 'सा' धरून, उचललेलं असतं. काळी 1 ला (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीला) षड्ज धरलात तर पाचवी-सहावीच्या मुलांना तार षड्ज आरामात मिळतो. तार गंधाराला (वरच्या 'ग'ला) मात्र माना ताणल्या जातात. उलट खालच्या काळी 4 ला नेलंत तर मध्य षड्जच पुटपुटल्यासारखा येतो. तेव्हा ज्या गाण्याचा पल्ला नऊ-दहा स्वरांच्या पलीकडे जातो, ते कितीही लाडकं असलं तरी या वर्गासाठी सोडा. आपली निम्मी भावगीतं इथेच गळतात. ती एका तयार गळ्यासाठी बांधलेली असतात. एकाची हरकत, म्हणजे गळ्याची झटकन घेतलेली नक्षी, चाळीस जणांनी घेतली की नुसता गलबला होतो.

वारकरी चालींचं तसं नाही. त्या मुळातच दिंडीतल्या शंभर जणांच्या. विणेकऱ्याने चरण म्हणायचं, टाळकऱ्यांनी ध्रुपद धरायचं. मैफिलीतला अभंग नको, भजनी मंडळाची चाल घ्या. गावातल्या एखाद्या बुवांकडे मे महिन्यातल्या दोन संध्याकाळी बसलात तर तीन-चार चाली हाती येतील. काही वर्षी शाळा उघडते न उघडते तोच आषाढी येते, तेव्हा अशी सोपी चाल कामी येते.

आठवी-नववीच्या मुलग्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. आवाज फुटायला लागला की मुलगा ओठ हलवतो आणि गात नाही. त्यांच्यासाठी यादीत एक पोवाडा ठेवाच. एखाद्या धिटुकल्या मुलीला शाहीर करा, या मुलांना झीलकरी, म्हणजे मागून सूर धरणारे साथीदार. 'जी जी रं जी' दोन-तीन स्वरांतच फिरतं आणि दणकट आवाज तिथे शोभून दिसतो.

वेगळं काही करायचं असेल, तर भूप रागातली एखादी सरगम (नुसत्या सा-रे-ग या स्वरनावांची बांधणी) घ्या. पहिल्या गटाने सुरू करावी, दुसऱ्याने तालाचं एक आवर्तन (पूर्ण फेरा) मागून तीच उचलावी. भूपात म आणि नि नसल्यामुळे एकमेकांवर पडणारे स्वर टोचत नाहीत. दोन गट वेगवेगळे स्वर लावून उभे राहू शकतात, हे मुलांना पहिल्यांदा कळतं आणि ती खूश होतात.

मुख्याध्यापकांना त्यांचं एक गाणं जरूर द्या, गॅदरिंगला. फक्त ट्रॅक नको. ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतो. ॲपमधून पट्टी बदलली तरी तो मुलांच्या श्वासासाठी थांबत नाही. पेटी-ढोलकीवर, तुमच्या पट्टीत, मधलं संगीत छाटून करा. तेही अंतरा गाऊन बघितल्यावरच.

पाच-सहा गाणी उरली तरी वर्ष निघतं. पट्ट्या मात्र वहीत पेन्सिलने लिहा. सुट्टीवरून परतलेल्या दोन-चार मुलांचे आवाज जूनमध्ये खाली गेलेले असतील, तेव्हा पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला एक ओळ म्हणायला लावून मगच पट्टी पक्की करा.