राजीनामा टाकण्याआधी हे वाच

नोकरीत जीव रमत नाही, लिहायचंय, म्हणून राजीनामा? थांब जरा. आधी सहा महिन्यांचं घरभाडं बाजूला पडू दे. भाडं थकलं की कथा सुचत नाही, घरमालकच दिसतो.

मी 22 वर्षं कल्याण-सीएसएमटी करतोय, बिलं तपासायला. पहिल्या तीन कथा लोकलमध्येच झाल्या. डोंबिवलीला गर्दी आत घुसेपर्यंत वही उघडी, नंतर एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने मोबाईलवर दोन-चार ओळी. शब्द चुकायचे, पण रात्री घरी कोऱ्या पानापुढे बसावं लागायचं नाही.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- रविवारची वाट बघू नकोस. रविवार लग्नं, पाहुणे आणि मेगाब्लॉक खातात.
- ऑफिसात गाजावाजा नको. 'काय लेखक, पुस्तक कधी?' हे रोज ऐकून माझं वर्षभर लिहिणं बंद होतं.
- दिवाळी अंकाला पाठवायचं तर पावसाळ्याआधी कथा तयार हवी. गणपतीत जाग येऊन उपयोग नाही. (मला दोनदा आली.)

प्रकाशक, मानधन वगैरे नंतर बोलू. आधी एक कथा पूर्ण कर, वाईट झाली तरी.