पाळक महिन्यातून एकदाच येतात, बाकीच्या रविवारांचं काय? – माझं उत्तर

सलाम ताई. तुम्ही लिहिलंय की तुमच्या पाळकांकडे (पास्टरांकडे) चार मंडळ्या, म्हणजे चार चर्च आहेत, तुमच्याकडे महिन्यातून एकच रविवार येतात, बाकीच्या रविवारी वीस-पंचवीस वयस्क माणसं दोन गीतं म्हणून घरी जातात, आणि 'आपणच उपासना चालवू' म्हटलं की सगळे 'ते पाळकांचं काम' म्हणून हात वर करतात. वाचून हसूच आलं, कारण सोलापुरात आमच्या मंडळीचं अगदी हेच चाललं होतं. तरुण पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला, उरलेले आम्ही पांढऱ्या केसांचे.

प्रार्थना करा, एकी ठेवा, तरुणांना पुढे आणा हे तुम्हाला माहीतच आहे, त्यावर टाइप करत बसत नाही. आणि आधीच सांगतो, मी पाळक नाही, वकीलही नाही, बँकेत कारकुनी केलेला माणूस आहे. प्रॉटेस्टंट मंडळीचंच सांगू शकतो. कॅथलिक असाल तर तुमची रचना वेगळी, तिथे तर 2021 ला पोप फ्रान्सिसनी कॅटेकिस्टची, म्हणजे धर्मशिक्षण देणाऱ्या सामान्य सभासदाची, सेवा रीतसर केलीय, फादरना विचारा.

आता मुद्द्यावर. सभासद तयार होतात हो, त्याची काळजी करू नका. आमच्याकडे एक शाळामास्तर होते, बोलायला लागले की मागच्या बाकावरची पोरं मोबाईल खाली ठेवायची. एक बीडी कामगार बाई होत्या, घरी तेलुगू, पण मराठीत अशी प्रार्थना करायच्या की माणसं गप्प व्हायची. सगळं छान चाललं होतं आणि आम्हाला अडवलं ते एका ऑफिसनं. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. ज्यांच्या हाताखाली आमची मंडळी येते ते, एवढंच समजा.

तिथे विचारायला गेलो तर आधी तोंडी सांगितलं, करा की, चांगलंच आहे. मग म्हणे अर्ज द्या. दिला. मग म्हणे या नमुन्यात नाही चालत, नमुना मागितला तर नमुनाच नाही! मग म्हणे पाळकांची शिफारस लागते, आणि पाळकांची जागा तर तोवर रिकामी झालेली, ती भरायचं काम त्याच ऑफिसचं. पुढच्या खेपेला टेबलावरच्या माणसानं मान वर न करता विचारलं, 'काय करलालाव तुमी, वेगळं चर्च काढलालाव का?' बघा, भीती ही होती. उपासनेशी त्यांना घेणं नव्हतं, त्यांना वाटलं सभासद शिरजोर झाले की जागेवर आणि खात्यावर हक्क सांगतील. मग कुणीतरी तक्रार केली आणि एक ओळीचं पत्र आलं की परवानगीशिवाय कुणी पुलपिटवर (उपदेशाच्या व्यासपीठावर) उभं राहू नये. तोंडी 'करा की' म्हटलेलं कुणालाच आठवेना. मास्तर दुसऱ्या एका फेलोशिपमध्ये गेले, त्यांच्या मागोमाग तीन-चार घरं. त्या बाई येतात अजून, पण मागे बसतात, प्रार्थना म्हणत नाहीत. मला पत्राचा राग नाही एवढा त्या मागच्या बाकाचा आहे.

म्हणून माझं मत, कुणाला आवडो न आवडो: उपदेश शिकवायच्या आधी कागद करा. पंच कमिटीचा (मंडळीचा कारभार बघणाऱ्या कमिटीचा) ठराव, त्यात नावं लिहा, कोण उपासना घेणार, कोण वचन सांगणार म्हणजे उपदेश करणार, किती काळासाठी, आणि स्पष्ट लिहा की प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा पाळकच देतील, म्हणजे निम्मा वाद तिथेच संपतो. ठराव वर पाठवताना पोच घ्या, शिक्का आणि आवक नंबर. 'ठेवून जा' म्हटलं तरी शिक्का मारल्याशिवाय हलू नका. आणि तुमची मंडळी स्वतंत्र नोंदलेला ट्रस्ट असेल तर विश्वस्त बदलल्यावर धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, तो राहिला की पुढे बँकेत सही बदलताना रडायची वेळ येते. हे वकिलाकडून एकदा तपासून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका.

कुणी म्हणालं की सामान्य सभासदानं उपदेश करणं आपल्यात बसत नाही, तर बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचे अध्याय 6 आणि 7 लागोपाठ वाचायला द्या. स्तेफनाला निवडलं पंक्तीत वाढायच्या कामासाठी, आणि पुढच्याच अध्यायात कृत्यांमधलं सगळ्यात लांब भाषण त्याचंच. शिवाय आपल्या भागातल्या बऱ्याच जुन्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या, ते मिशन मुळात काँग्रिगेशनल, म्हणजे मंडळीनं आपलं आपण ठरवायची परंपरा. आपणच ती विसरलो आणि सगळं पगारी माणसावर टाकलं. कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला तो काय उगाच? रविवारी त्यांची गीतं गळा काढून म्हणायची आणि त्यांनी काय केलं ते सोयीनं बाजूला ठेवायचं, असं चाललंय आपलं. असो, भरकटलो.

सुरुवात पुलपिटवरून करू नका. आधी वचन वाचन वाटून द्या, मग आजारी माणसांच्या भेटी, मग घरगुती प्रार्थना, उपदेश सगळ्यात शेवटी आणि तोही बारा-पंधरा मिनिटांच्या वर नको, नवीन माणूस लांबला की तेच तेच फिरवतो. बायकांना फक्त महिला मंडळ आणि नाताळचा फराळ एवढंच देऊ नका. पूर्वी बायबल बाया घरोघरी जाऊन वचन वाचून दाखवायच्या, तेव्हा कुणाची हरकत नव्हती आणि आता पंचात एक बाई घ्यायची म्हटलं की चर्चा! तेलुगू-कन्नड घरं असतील तर एखादा पाठ त्यांच्या भाषेत वाचू द्या, सोलापूरसारख्या गावात ह्याला पर्यायच नाही.

पाळकांना मात्र बाजूला ठेवून काही करू नका. चार मंडळ्या सांभाळणारा माणूस आधीच दमलेला असतो, त्यांना वाटलं आपली जागा चाललीय की तुमचं काम बसलंच. ते येतात त्या रविवारी दुपारी त्यांनाच सांगा की पुढच्या तीन रविवारचे पाठ आमच्याकडून बसवून घ्या. बहुतेक पाळक खूश होतात, नाही झाले तर तेही लवकर कळलेलं बरं.

खजिनदार हिशेब दाखवत नाहीत असं तुम्ही शेवटी लिहिलंय, त्याला दुसरा इलाज नाही, दर महिन्याला पासबुकाची झेरॉक्स नोटीस बोर्डावर. भांडण होईल, होऊ द्या. आमच्या ठरावाचा मसुदा हवा असेल तर पाठवतो, पण त्याआधी तुमच्या मंडळीची घटना (नियमावली) कुणाच्या कपाटात आहे ते शोधा, आमची मिळाली ती माजी सेक्रेटरींच्या माळ्यावर, अर्धी वाळवीनं खाल्लेली.