गॅरेज कट्टा : एअर फिल्टर, दोन डबे आणि आपली धूळ

प्रश्न : पुण्याहून सेकंडहँड निसान ३७०झेड घेतली. एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला याची कुठेच नोंद नाही. इथल्या एका गॅरेजमध्ये ‘नवा कशाला, हवा मारून देतो’ असं सांगितलं. घरी स्वतः बदलता येईल का? काय लागेल, काय जपायचं?
*एक वाचक, ताराबाई पार्क*

उत्तर : येईल, आणि स्वतःच बदला. अवघड काहीच नाही, पण निवांत वेळ काढून करायचं काम आहे. पहिल्यांदा करताना दीड तास हाताशी ठेवा.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. या गाडीला एअर फिल्टर एक नाही, दोन असतात. ३.७ लिटरच्या या व्ही-६ इंजिनाला डावीकडून आणि उजवीकडून अशी दोन स्वतंत्र नाकं आहेत. प्रत्येक बाजूला वेगळा डबा, वेगळा फिल्टर, हवा मोजणारा वेगळा सेन्सर आणि वेगळा थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप. जुन्या गाड्यांत पुष्कळदा हाताला सोपी पडणारी बाजू बदललेली असते आणि दुसरीत वर्षानुवर्षांचा जुना फिल्टर तसाच बसलेला असतो. म्हणून फिल्टर घेताना दोन घ्या. दोन्ही बाजूंना एकच फिल्टर चालतो. कंपनीचा पार्ट नंबर १६५४६-जेके२०ए. ऑर्डर देण्याआधी चासी नंबरवरून पडताळून घ्या. नवा हातात आल्यावर जुन्यावर ठेवून लांबी, रुंदी, उंची आणि कडेच्या रबराची जाडी जुळते का ते बघा. ‘थोडा कापून बसवू’ हा उपाय या गाडीत नको.

हवा मारण्याबद्दल. कंप्रेसरच्या झोताने कागदाच्या घड्या ताणल्या जातात आणि डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा पडतात. फिल्टर वरून स्वच्छ दिसतो, पण त्या चिरांमधून धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. शिवाय कंप्रेसरच्या टाकीत साठलेलं पाणी आणि तेल कागदावर बसतं ते वेगळंच. नवे फिल्टर येईपर्यंत गाडी चालवायचीच असेल तर जुना फिल्टर हाताने हलकेच आपटून धूळ झाडा. हवा द्यायचीच तर ३० पीएसआयच्या आत, वीतभर लांबून, आणि स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे. उलट दिलीत तर धूळ कागदात आणखी रुतते.

कोल्हापुरात याला जास्त महत्त्व का, तेही सांगतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्र्या आहेत. फाउंड्रीची वाळू म्हणजे सिलिका, लोखंडापेक्षा कितीतरी कठीण. ट्रकांतून सांडलेली ती वाळू रस्त्याच्या कडेला दळली जाते आणि तीच धूळ गाडी आत ओढते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांमध्ये ती गेली की पॉलिश पेपरसारखं काम सुरू होतं आणि पुढे इंजिन ऑइल पिऊ लागतं. ७,००० आरपीएमला हे इंजिन मिनिटाला हिशेबाने जवळजवळ १३ हजार लिटर हवा ओढतं, म्हणजे एकेका फिल्टरमधून साडेसहा हजार. इतक्या हवेला बोटाच्या नखाएवढी फट पुरते.

आता काम. इंजिन पूर्ण गार हवं आणि इग्निशन बंद. किल्लीही खिशात नको, गाडीपासून लांब ठेवा. बॅटरी काढायची गरज नाही. हत्यारं मोजकीच: १० नंबरचा सॉकेट, रॅचेट आणि एक्स्टेन्शन, एक चपटा आणि एक फुली स्क्रू ड्रायव्हर, स्वच्छ पांढरं फडकं, टॉर्च. प्लास्टिकच्या पुश-क्लिपा आठ-दहा जास्तीच्या आणून ठेवा. इतक्या वर्षांच्या उष्णतेने जुन्या क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात, दोन-तीन तरी तुटणारच.

एका वेळी एकच बाजू खोला. एक बाजू पूर्ण जोडून झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. अडलं तर न खोललेली बाजू नमुना म्हणून समोर असते.

रेडिएटरच्या वर पुढून हवा घेणारं प्लास्टिकचं नळकांडं दिसेल. त्याच्या क्लिपांची मधली टिकली चपट्या स्क्रू ड्रायव्हरने आधी वर उचला, मग पूर्ण क्लिप निघते. टिकली न उचलता ओढलीत की मोडली. नळकांडं बाजूला केलं की फिल्टरचा डबा दिसतो. डब्याच्या बाहेर पडणाऱ्या तोंडाशी हवेचा सेन्सर आहे. त्याचा कपलर, म्हणजे वायरच्या टोकाचा प्लास्टिकचा जोड, लॉक दाबून काढा. वायर धरून कधीही ओढू नका, कपलरचं अंग धरा. मग डबा आणि थ्रॉटलकडे जाणारा पाइप यांमधला क्लॅम्प सैल करा, पूर्ण खोलायचा नाही. डब्याचे १० नंबरचे बोल्ट काढा आणि डबा हलकेच डोलवत वर घ्या. इंजिनावरून येणारा ब्रीदरचा बारीक पाइप आड येत असेल तर तोही सोडवा. उघड्या पडलेल्या पाइपाच्या तोंडात लगेच फडकं कोंबा, आणि ते बाहेर लोंबतं ठेवा. आत विसरलेलं फडकं थ्रॉटलपर्यंत गेल्याची उदाहरणं गॅरेजवाल्यांना चांगली माहीत आहेत.

डबा टेबलावर घेऊन कडेच्या क्लिपा उघडा. इथे घाई नको. जुना फिल्टर उचलण्याआधी तो कसा बसलाय ते नीट बघा आणि फोटो काढून ठेवा. फिल्टर निघाला की डब्याचे दोन भाग वेगळे तपासायचे. पुढची, म्हणजे मळकी बाजू धुळीने भरलेली असणं स्वाभाविक आहे. पाला, मेलेले किडे, गळीत हंगामात काळी राख, सगळं निघतं. गाडी आठवडाभर उभी असेल तर उंदरांनी नेऊन ठेवलेली शेंगांची टरफलंसुद्धा. खरी परीक्षा मागच्या, स्वच्छ बाजूची. तिथे पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर तपकिरी पट्टा उमटला तर जुना फिल्टर नीट बसला नव्हता आणि धूळ कडेने जात होती. पट्टा कुठल्या कोपऱ्यात आहे ते बघा, गळती तिथेच होती. डब्याची खाच तुटली आहे का, क्लिप सैल आहे का, झाकण वाकलं आहे का, हे त्या कोपऱ्यात शोधा. डबाच वाकला असेल तर नवा फिल्टर बसवूनही उपयोग नाही, डबा बदला. आमच्या मते मळका पण घट्ट बसलेला फिल्टर नव्या पण सैल फिल्टरपेक्षा इंजिनाला कमी घातक.

डबा ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. नव्या फिल्टरचं रबर खाचेत चारी बाजूंनी बसवा आणि बोट फिरवून बघा, कुठेही उंचवटा लागता कामा नये. झाकण लावताना क्लिप जोर लावून बसत असेल तर थांबा. रबर कुठेतरी चिमटलं आहे. उलट्या क्रमाने जोडत या. पाइपातलं फडकं काढा, ब्रीदर लावा, डब्याखालचा खुंट रबरी बुशमध्ये बसल्याची खात्री करा, बोल्ट हाताने आवळून मग पाना लावा. प्लास्टिकचं काम आहे, पिळून टाकू नका. कपलर ‘टक’ असा वाजला पाहिजे.

या सगळ्यात थ्रॉटलची गोल झडप बोटाने ढकलून बघण्याचा मोह आवरा. ती इलेक्ट्रॉनिक आहे. हाताने हलवली तर आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, बिघडतं आणि मग स्कॅनर लावून ते पुन्हा शिकवावं लागतं.

प्रश्न : त्याच मॉडेलची गाडी. फिल्टर बदलल्यावर दुसऱ्या दिवशी चेक लाइट लागला, सिग्नलला उभी असताना इंजिन थरथरतं. फिल्टर डुप्लिकेट असेल का?
*एक वाचक, राजारामपुरी*

उत्तर : फिल्टरवर संशय शेवटी घ्या. दहांतल्या नऊ वेळा कपलर अर्धवट बसलेला असतो किंवा क्लॅम्पपाशी पाइप तिरका गेलेला असतो. स्कॅनर लावून कोड वाचा. पी०१०२ आला तर सेन्सरचा सिग्नल मिळत नाही, म्हणजे कपलर बघा. पी०१७१ किंवा पी०१७४ आला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे सेन्सरच्या पुढे कुठून तरी न मोजलेली हवा शिरतेय. क्लॅम्प, पाइपाच्या घड्यांमधल्या चिरा, निसटलेला ब्रीदर, या क्रमाने तपासा. पाइप वाकवून घड्या उघडून बघा, चीर बहुधा खालच्या अंगाला असते आणि वरून दिसत नाही. कोड एका बाजूचा आला तरी दोन्ही बाजू तपासा.

दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी गरम करा. आयडलिंग साडेसहाशे-सातशे आरपीएमच्या आसपास स्थिर हवं. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा, अधिक-उणे ५ टक्क्यांत असला तर चिंता नाही. अधिक १० च्या वर राहिला तर गळती अजून आहे.

सगळं घट्ट असूनही ट्रिम वरच असेल तर सेन्सरची तार मळलेली असू शकते. त्यासाठी एमएएफ (हवा मोजणाऱ्या) सेन्सरचाच स्प्रे मिळतो. कार्बोरेटर क्लीनर नको, इअरबड नको, कंप्रेसरची हवा तर अजिबात नको. ती तार केसाएवढी नाजूक आहे. लांबून स्प्रे मारा, अर्धा तास आपोआप वाळू द्या, मगच जोडा.

प्रश्न : आवाजासाठी डब्याऐवजी उघडा, शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर बसवायचा विचार आहे. मित्र म्हणतात पॉवरही वाढते.
*एक वाचक, कदमवाडी*

उत्तर : आवाज वाढेल, हे खरं. पॉवरचं म्हणाल तर लहान पाइपाचा कोन इंजिनाच्या शेजारची गरम हवा ओढतो आणि ट्रॅफिकमध्ये गाडी उलट जड वाटते. लांब पाइपाचा कोन बंपरच्या मागे खाली उतरतो. तिथे हवा गार मिळते, पण पावसाळ्यात जयंती नाल्याकाठी पाणी तुंबलं की त्या पाण्याला सगळ्यात जवळचं तोंड तुमच्या फिल्टरचं.

किती पाणी पुरतं? ३७०झेडच्या इंजिनाचा एक सिलिंडर सुमारे ६१६ सीसीचा, कॉम्प्रेशन ११:१. पिस्टन वर आला की उरते ती जागा जेमतेम ६२ सीसी. त्याहून जास्त पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला वर जायला जागा नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणजे चार मोठे चमचे पाणी.

तेल लावायचे कापडी फिल्टर कंपनीच्या डब्यात बसतात आणि धुऊन पुन्हा वापरता येतात. पण धुतल्यावर तेल जास्त झालं तर ते उडून सेन्सरच्या तारेवर बसतं, आणि कमी झालं तर धूळ आत जाते. ट्रॅकसाठी ठीक. शिरोली नाक्यावरून रोज जाणाऱ्या गाडीला कागदी फिल्टरच बरा.

प्रश्न : जुनी स्पोर्ट्‌स कार घेताना ती महापुरात बुडाली होती का, हे कसं ओळखायचं? विकणारे आतून चकाचक करून देतात.
*एक वाचक, शाहूपुरी*

उत्तर : सीट, कार्पेट सगळे बदलतात, फिल्टरचा डबा सहसा कोणी खोलत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात अडकलेल्या गाड्या अजूनही फिरतात, म्हणून विकत घेण्याआधी डबा उघडून दाखवायला सांगा. तळाच्या कोपऱ्यांत मऊ, चिकणमातीसारखा गाळ बघा. रस्त्याची धूळ कोरडी आणि भुरभुरीत असते, पुराचा गाळ थर धरून बसतो आणि नखाने खरवडल्यावर पापुद्रा निघतो. कागदाच्या घड्या लाटांसारख्या वेड्यावाकड्या झाल्या असतील तर तो भिजून वाळला आहे. फिल्टर कोरा आणि डबा गाळाने माखलेला असेल तर बहुधा फिल्टर तेवढ्यापुरता बदलला आहे. डब्याच्या बोल्टांवरचा गंज आणि कपलरच्या पिनांवरची हिरवी पूडही बघा. दोन डब्यांची गाडी असेल तर दोन्ही उघडा. दाखवायला नकार मिळाला तर ती गाडी सोडा.

तुमच्याच गाडीच्या डब्यात पाणी गेल्याची शंका आली तर स्टार्टर मारून बघू नका. टो करून गॅरेजला न्या, सगळे स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवायला सांगा, पाणी बाहेर पडू द्या.

प्रश्न : फिल्टर किती किलोमीटरला बदलायचा? नवा टाकल्यावर ॲव्हरेज वाढेल का?
*एक वाचक, कागल*

उत्तर : ॲव्हरेजची फार अपेक्षा ठेवू नका. इंजेक्शनच्या गाड्यांत हवा कमी आली की संगणक पेट्रोलही कमी करतो. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये हे तपासलं, तेव्हा तुंबलेल्या फिल्टरने ॲव्हरेजवर विशेष परिणाम झाला नाही, पिकअप मात्र घटला. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी.

आमचा सल्ला: दर ५,००० किमीला डबा उघडून बघा, १५,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदला. तुमचं जाणं-येणं उसाच्या पट्ट्यातून असेल तर हंगाम संपल्यावर एकदा नक्की बघा. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड जळतं, त्याची काजळी बारीक आणि तेलकट असते. ती झाडून निघत नाही. अशा फिल्टरचे किलोमीटर मोजत बसू नका, लगेच बदला. आणि डॅशबोर्डमागचा एसीचा फिल्टर हा वेगळा आहे, त्याचा इंजिनाशी संबंध नाही. बिलावर नुसतं ‘फिल्टर बदलला’ लिहिलं असेल तर कुठला, ते विचारून घ्या.