जुनी आयसी मिळत नाही? आधी मीटर काढ

आयसी (सर्किटमधली चिप) शोधत मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, पालथा घालण्याआधी ती खरंच गेलीय का, ते बघ. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये कित्येकदा सुकलेला असतो सप्लाय स्थिर ठेवणारा फिल्टर कपॅसिटर आणि बदनाम होते बिचारी आयसी. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह, दोन्ही सप्लाय मीटरने मोज, मगच सोल्डरिंग आयर्न गरम कर.

तुझ्या अ‍ॅम्प्लिफायरची आयसी टीडीए २०३० आहे ना? मूळ कंपनीचा माल आता मिळणं कठीण. स्वस्तात मिळते ती घेतलीस तर एसिटोनच्या बोळ्याने वरची अक्षरं घासून बघ. शाई निघाली आणि खाली दुसराच नंबर दिसला, की समजायचं, माल नकली. मी असल्या चार आणल्या होत्या. दोन तर पहिल्याच मिनिटात धुरल्या.

त्यापेक्षा एलएम १८७५ लाव. पाचही पाय त्याच क्रमाने, आणि २०३० ची मर्यादा एकूण ३६ व्होल्ट तर हिची ६०. फक्त गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो तो आकडा, दहाच्या खाली नको. पाठीचा पत्रा आतून तिसऱ्या पायाला, म्हणजे निगेटिव्ह सप्लायला जोडलेला असतो, तेव्हा हीटसिंकला (उष्णता काढणाऱ्या धातूच्या तुकड्याला) लावताना मधला मायका, म्हणजे वीज अडवणारा अभ्रकाचा पातळ तुकडा, विसरू नकोस. स्क्रूखालचा प्लास्टिकचा बुशसुद्धा. इथेच सगळे फसतात.

आणि हो, लॉजिक आयसीवर ‘७४०८’ दिसलं की लगेच तीच मागू नकोस. तो आयसीचा नंबर नसून ती बनवल्याची तारीख, म्हणजे १९७४ चा आठवा आठवडाही असू शकतो! दुसरी ओळ वाच.