गडावरचा कुत्रा घरी कसा पोचला?

ट्रेकचा आणि कासवांचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे ठरावीक प्रश्नांची रीघ लागते. त्यातले काही या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : राजगड-तोरणा करताना गुंजवण्यातला एक कुत्रा आमच्याबरोबर निघाला. हाकलला तरी मागे फिरेना. तोरण्यावरून वेल्ह्याकडे उतरताना मात्र तो दिसेनासा झाला. आम्हाला चुटपुट लागली होती. चार दिवसांनी गावात फोन केला, तर स्वारी घरी हजर! वासावर आला असेल का? (सांगली)

बहुधा हो. चेक संशोधकांनी २७ शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधून त्यांना रानात मोकळं सोडलं आणि सहाशेहून अधिक फेऱ्यांची नोंद ठेवली. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. साधारण साठ टक्के वेळा कुत्रा आल्या पावली, स्वतःचाच माग काढत मालकाकडे परतला. तुमच्या सोबत्यानंही तेच केलं असावं.

गंमत उरलेल्यांत आहे. जवळपास एक तृतीयांश वेळा कुत्रे पूर्ण नव्या वाटेनं परत आले. त्यातले बरेचसे परत फिरण्याआधी वीसेक मीटर उत्तर-दक्षिण रेषेत धावले. मालक पूर्वेला असो वा पश्चिमेला, ही छोटी धाव उत्तर-दक्षिणच. नकाशा उघडल्यावर आपण आधी होकायंत्राशी जुळवून तो सरळ करतो, तसाच काहीसा हा प्रकार असावा आणि कुत्र्याला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जाणवत असावं, असा त्या संशोधकांचा तर्क आहे. मी त्याला अजून तर्कच म्हणेन, कारण त्या अभ्यासात चुंबकीय क्षेत्र बदलून पाहिलेलं नव्हतं. जनावर कशाच्या आधारानं चालतं हे ओळखायचं, तर तो आधार काढून घ्यायचा आणि ते चुकतं का ते बघायचं.

शिवाय गडाखालच्या गावातली ही मंडळी दर शनिवार-रविवारी बिस्किटांच्या आशेनं कुणाच्या ना कुणाच्या मागे निघतात. ती वाट तुमच्यापेक्षा त्याला जास्त पाठ असणार.

प्रश्न : ओट्यावर मुंग्यांची रांग होती. मधला वीतभर भाग ओल्या फडक्यानं पुसला, तर दोन्हीकडच्या मुंग्या तिथेच घुटमळायला लागल्या. साखरेचा डबा समोर दिसत असूनही! त्यांना डोळे नसतात का? (नाशिक)

डोळे असतात, पण ओट्यावर त्या चालतात वासाच्या भरवशावर. खाऊ सापडलेली मुंगी परतताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत गंधाची रेघ ओढत जाते. मागून येणारी प्रत्येक मुंगी ती रेघ गिरवते. खाऊ संपला की गिरवणारं कुणी उरत नाही आणि वास उडून जातो. तुम्ही फडकं फिरवलंत तेव्हा ती रेघ तुटली. पुन्हा कधी असं झालं तर दोन मिनिटं खाली वाकून बघा. पुसलेल्या कडेशी आल्यावर मुंगी थबकते, मिशा डावीकडे-उजवीकडे फिरवते, मागे जाते, पुन्हा येते. मग एखादी धीट मुंगी कोरड्या पट्ट्यात शिरते, पलीकडची रेघ तिला सापडते आणि थोड्या वेळात रांग पूर्ववत. म्हणून नुसता मध्ये पट्टा पुसून भागत नाही. साबणाच्या पाण्यानं भिंतीतल्या भोकापर्यंत सगळी वाट पुसा आणि डब्याचं झाकण घट्ट लावा.

पण तापलेल्या वाळूत वास टिकतच नाही. तिथे मुंगी काय करते? सहारा वाळवंटातली कॅटाग्लिफिस जातीची मुंगी खाऊ शोधत वेडीवाकडी भटकते आणि सापडला की नाकासमोर सरळ बिळाकडे येते. दिशा तिला सूर्यावरून आणि आकाशातल्या ध्रुवित प्रकाशावरून (एकाच ठरावीक दिशेत कंप पावणाऱ्या, आपल्या डोळ्यांना वेगळा न जाणवणाऱ्या प्रकाशावरून) कळते. आणि अंतर? ते ती पावलांनी मोजते!

हे सिद्ध करण्याची युक्ती अफलातून होती. ट्युनिशियात या मुंग्यांना दहा मीटर लांब ठेवलेल्या खाऊपर्यंत चालत येऊ दिलं. परत निघण्यापूर्वी काहींच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून पाय लांब केले, काहींचे पाय थोडे छाटून आखूड केले. लांब पायांच्या मुंग्या घर ओलांडून जवळपास पाच मीटर पुढे गेल्या आणि तिथे बीळ शोधत बसल्या. आखूड पायांच्या सहा मीटरच्या आतच थांबल्या. पावलं तेवढीच टाकली होती, फक्त पाऊल लहान-मोठं झालं होतं. पुढच्या खेपेला, जाताना आणि येतानाही तेच पाय असताना, दोघींनाही अंतर बरोबर सापडलं. या प्रयोगाचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. मुंगीच्या पायाला केस चिकटवणाऱ्या हातांना माझा दंडवत, पण पाय छाटणं काही मला रुचलेलं नाही.

प्रश्न : वटवाघूळ आंधळं असतं म्हणतात. मग आमच्या परसातला नेमका पिकलेलाच पेरू त्याला कसा मिळतो? (सावंतवाडी)

आंधळं कोणतंच वटवाघूळ नसतं. तुमचा पेरूचोर फळं खाणाऱ्यांपैकी. वडा-पिंपळावर दिवसा उलटी लटकणारी मोठी वटवाघळं त्याच गटातली. त्यांचे डोळे टपोरे आणि अंधारात उत्तम चालणारे, नाकही तिखट. पिकल्या पेरूचा वास तर आपल्यालाही अंगणातून येतो.

आवाजाच्या प्रतिध्वनीवर उडतात ती किडे खाणारी लहान वटवाघळं. अठराव्या शतकाच्या शेवटी इटलीत स्पालान्झानी यांनी वटवाघळांचे डोळे निकामी केले, तरी ती बिनधोक उडाली. जिनिव्हात ज्युरीन यांनी त्यांच्या कानांत बोळे घातले, तेव्हा मात्र ती धडकायला लागली. पण कानानं ‘दिसतं’ कसं, हे कुणालाच पटेना. १९३८ साली अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन यांनी आपल्याला ऐकू न येणारे आवाज टिपणाऱ्या यंत्रापुढे वटवाघूळ धरलं, तेव्हा कोडं सुटू लागलं. ते आवाज वटवाघूळ स्वतःच काढत होतं. किड्यावर झडप घालताना हे आवाज सेकंदाला दोनशेपर्यंत जातात. गुहा-लेण्यांत राहणारं एक फळखाऊ वटवाघूळ या दोन्ही गटांच्या मधलं आहे. ते अंधारात जिभेनं टकटक करतं आणि बाहेर आलं की डोळे वापरतं.

प्रश्न : नाग पुंगीवर डोलतो की नाही? (लातूर)

डोलतो, पण पुंगीच्या हालचालीवर. सापाला बाहेरचा कान नसतो. जमिनीतली कंपनं त्याला छान कळतात, हवेतले खालच्या पट्टीतले आवाजही थोडेफार कळतात. सुरांशी त्याचं देणंघेणं नाही. पुंगी स्थिर धरून वाजवली तर कार्यक्रम संपला.

प्रश्न : मोबाईल टॉवरमुळे पक्ष्यांची दिशा चुकते आणि चिमण्या नाहीशा होतात, हे खरं का? (ठाणे)

चिमण्यांचं आधी सांगतो. चिमणी स्थलांतर करत नाही, तेव्हा दिशा चुकण्याचा प्रश्नच नाही. वळचणी गेल्या, अंगणं गेली, पिल्लांना भरवायला अळ्या-किडे उरले नाहीत. टॉवरकडे बोट दाखवण्याआधी आपल्या गुळगुळीत इमारतींकडे बघावं.

दिशेचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठात रॉबिन पक्ष्यांवर काम चालतं. चुंबकीय क्षेत्रावरून दिशा ओळखण्यासाठी हे पक्षी प्रसिद्ध. पण विद्यापीठाच्या आवारातल्या लाकडी खोल्यांत ठेवल्यावर त्यांना दिशाच सापडेना. कारण कळेना. शेवटी खोल्यांना ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून ते अर्थिंगला जोडले, तेव्हा पक्षी ताळ्यावर आले. अर्थिंगची तार काढली की पुन्हा गोंधळ. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. दोषी ठरला तो शहरातल्या विजेच्या उपकरणांतून निघणारा रेडिओ लहरींचा गोंगाट, ५० किलोहर्ट्‌झ ते ५ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातला. मोबाईलच्या लहरी याच्या कितीतरी वर, शेकडो-हजारो मेगाहर्ट्‌झच्या असतात. म्हणजे या प्रयोगातून टॉवरवर आरोप सिद्ध होत नाही.

आणि रॉबिनला या चुंबकीय होकायंत्राच्या जोडीला सूर्य, तारे यांचाही आधार असतोच. दिवसा उडणाऱ्या कबुतरांचं तसंच. त्यांच्या पाठीवर चुंबक बांधले तर ऊन असताना ती घरी येतात, ढगाळ दिवशी भरकटतात, असं १९७१ साली अमेरिकी संशोधक विल्यम कीटन यांना दिसलं होतं.

प्रश्न : वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना पाहिली. हीच मोठी होऊन याच किनाऱ्यावर अंडी घालायला येतील, असं तिथे ऐकलं. इतक्या वर्षांनी किनारा कसा सापडतो? (पुणे)

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा जोर आणि त्याचा जमिनीकडे असलेला कल, दोन्ही जागोजागी बदलतात. त्यामुळे किनाऱ्याच्या प्रत्येक पट्ट्याला स्वतःचा असा एक चुंबकीय पत्ता मिळतो. अमेरिकी संशोधक केनेथ लोहमान यांनी फ्लोरिडातल्या लॉगरहेड कासवांची पिल्लं पाण्याच्या टाकीत सोडली आणि भोवतीच्या विजेच्या वेटोळ्यांनी अटलांटिकमधल्या दूरच्या जागांचे ‘पत्ते’ तयार केले. त्या त्या जागी सुरक्षित प्रवाहात राहायला जिकडे वळायला हवं, तिकडेच पिल्लं पोहू लागली. जन्मकिनाऱ्याचा पत्ताही ती लक्षात ठेवतात, असं बरेच संशोधक मानतात. जवळ आल्यावर वासाचीही मदत होत असावी.

मात्र ‘याच किनाऱ्यावर’ हे शब्द जरा सैल धरा. २०२१ साली ओडिशात टॅग लावलेली ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण २०२५च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. देशाच्या एका किनाऱ्यावरून थेट दुसऱ्या! तेव्हा सगळ्याच माद्या एका किनाऱ्याला चिकटून राहतात असं दिसत नाही.

तुम्ही पाहिलेली पिल्लं मात्र अजून चुंबकाच्या भरवशावर नव्हती. वाळूतून वर आल्यावर ती खालच्या, उजळ क्षितिजाकडे धावतात. रात्री काळोख्या झाडीपेक्षा समुद्र उजळ दिसतो, म्हणून ही खूण बरोबर ठरते. पाण्यात शिरल्यावर लाटांना तोंड देत पुढे जायचं. मागे एखाद्या रिसॉर्टचा दिवा असेल, तर पिल्लू त्याच इमानानं दिव्याकडे चालतं. कासवमित्र तुम्हाला फ्लॅश आणि टॉर्च बंद करायला सांगतात ते यासाठी. पुढच्या वेळी मोबाईल खिशातच ठेवा आणि पिल्लांच्या वाटेतून दोन पावलं बाजूला उभे राहा.