षटकोनी भोकाच्या गोट्या

प्रश्न : आजोबांच्या हत्यारांच्या पेटीत पत्र्याच्या डब्यात अकरा गोट्या (नट-बोल्ट फिरवायचे पोकळ सॉकेट) आणि एक वाकवलेली दांडी मिळाली. गोट्यांचे मागचे, दांडी बसवायचे भोक चौकोनी नाही, षटकोनी आहे. हा संच कोणी बनवला असेल? (एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर : सर्वप्रथम कॅलिपरने त्या भोकाच्या समोरासमोरील दोन सपाट बाजूंमधले अंतर मोजावे. ते ११ मिलिमीटरच्या किंचित वर भरले, तर माप ७/१६ इंच आहे आणि संच बहुधा १९२०-३०च्या दशकांतील अमेरिकी आहे. शिकागोच्या ड्युरो मेटल प्रॉडक्ट्सने 'इंडेस्ट्रो' या नावाने असे संच काढले, आणि त्यांत षटकोनी सळईच एल आकारात वाकवून दांडी केलेली असे. गोटीवर '३/८ डब्ल्यू' असे उठवलेले असल्यास ते ब्रिटिश व्हिटवर्थ (इंचांतील जुन्या नट-बोल्टांचे) माप होय. तो आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, म्हणून गोटीचे नटावर बसणारे तोंड सुमारे १८ मिलिमीटरचे भरते. नाव बहुधा बाहेरच्या अंगावर, गंजाखाली दडलेले असते. त्यासाठी गोट्या रात्रभर रॉकेलात ठेवून पितळी ब्रशने हलकेच घासाव्यात आणि तिरप्या उजेडात पाहाव्यात. पॉलिश पेपर मात्र कृपया लावू नये, कारण अक्षरे एकदा झिजली की ओळखच पुसली जाते. तो डबाही जपावा, कारण पुष्कळदा नाव झाकणावरच उरलेले असते.